नवीन सिंथ दरवर्षी येतो, मग साधी मागणी वर्षानुवर्षं का अडून राहते?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही घरच्या स्टुडिओत ख्याल आणि अभंगांची रेकॉर्डिंग करता. गेली बरीच वर्षं एकच सॉफ्टवेअर वापरताय आणि अपग्रेडचे पैसेही वेळोवेळी भरलेत. दर नव्या आवृत्तीत नवा सिंथ (संगणकावरच आवाज तयार करणारं वाद्य) येतो, नवे लूप (पुन्हा पुन्हा वाजवायचे तयार तुकडे) येतात, तयार गाण्यातून आवाज वेगळा काढून देणारं एआय येतं. पण रूपक तालाचा क्लिक (रेकॉर्डिंग करताना लय धरायला वाजणारा ठोका) अजून नीट वाजत नाही, आलापानंतर ग्रिड (पडद्यावरच्या मात्रांच्या रेघा) बसवताना अर्धा दिवस जातो आणि मोठ्या प्रोजेक्टमध्ये अन्डू केलं की सॉफ्टवेअर अधूनमधून अडकतं. तुम्ही विचारलंय, या कंपन्यांना गाभ्याची किंमत नाही का? आणि या वर्षीच्या अपग्रेडचे पैसे भरावेत का?

मी संगीताची सॉफ्टवेअर लिहिण्याच्या कामात बरीच वर्षं आहे. आधी ऑडिओ इंजिनवर प्रोग्रामर होतो, नंतर पुढच्या आवृत्तीत काय घ्यायचं हे ठरवणाऱ्यांपैकी एक झालो. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न आहेत. गाभ्यावर काम होतच नाही, की होतं पण दिसत नाही? आणि जे खरोखरच होत नाही, ते कशामुळे अडतं? पहिल्याचं उत्तर सगळ्या कंपन्यांत जवळपास सारखंच आहे. दुसऱ्याचं उत्तर कंपनीला पैसे कुठून आणि कोणत्या क्षणी मिळतात यावर अवलंबून आहे. तुम्ही सॉफ्टवेअरचं नाव दिलेलं नाही, म्हणून वेगवेगळ्या तऱ्हा सांगतो. तुमचं त्यात कुठे बसतं ते तुम्हाला लगेच कळेल.

न दिसणाऱ्या कामापासून सुरुवात करू. तुम्ही ४८,००० हर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर (एका वेळी तयार होणारा आवाजाचा तुकडा) ठेवून गायकाला हेडफोनमध्ये त्याचा आवाज परत देता, तेव्हा आवाजाचा एकेक तुकडा तयार करायला सॉफ्टवेअरला साधारण २.७ मिलिसेकंद मिळतात. सगळे ट्रॅक, सगळे प्लगिन (सॉफ्टवेअरला वरून जोडलेली छोटी साधनं), सगळी ऑटोमेशन तेवढ्यात मोजून पुढचा तुकडा साउंड कार्डच्या हातात द्यायचा. एकदा जरी उशीर झाला तरी 'टक्' असं ऐकू येतं आणि गायकाची तंद्री मोडते. म्हणून ऑडिओ थ्रेडमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या आवाज तयार करणाऱ्या भागात, काम करताना नवी मेमरी मागायची नाही, डिस्कसाठी थांबायचं नाही, दुसऱ्या थ्रेडने धरलेल्या लॉकपाशी ताटकळायचं नाही, असे कडक नियम असतात. एखादी सोय पडद्यावर आणणं आणि तीच सोय गाणं वाजत असताना, आवाज न तुटता चालवणं, या दोहोंतलं अंतर फार मोठं असतं. आमचा बराचसा वेळ या अंतरातच जातो.

त्यावर संगणकाची बाजू सतत हलत असते. ॲपलने २००६ मध्ये पॉवरपीसी सोडून इंटेलचे प्रोसेसर घेतले. २०१८ मध्ये ओपनजीएल ही पडद्यावर चित्रं काढायची जुनी पद्धत मोडीत काढत असल्याचं सांगितलं. ऑक्टोबर २०१९ च्या कॅटलिना या मॅकओएसच्या आवृत्तीत जुने ३२-बिट प्रोग्राम चालणं बंद झालं आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलचा स्वतःचा एम१ प्रोसेसर आला. यातल्या प्रत्येक बदलाने आमच्या धंद्यातल्या सगळ्यांची कित्येक महिन्यांची मेहनत घेतली, आणि बदल्यात वापरणाऱ्याला मिळालं काय, तर जे काल चालत होतं ते आजही चालतंय एवढंच. दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास मॅकओएसची नवी आवृत्ती आली की ऑडिओ कंपन्यांकडून 'इतक्यात अपडेट करू नका' अशी सूचना तुम्हाला येत असेल. त्या सूचनेमागे रात्र-रात्र चाललेली चाचणी असते.

प्लगिनचंही तसंच. क्युबेस बनवणाऱ्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी ही प्लगिन जोडायची पद्धत आणली, २००८ मध्ये व्हीएसटी ३. तरी जग व्हीएसटी २ वरच राहिलं, इतकं की जानेवारी २०२२ मध्ये स्टाइनबर्गला जाहीर करावं लागलं की आपल्या सॉफ्टवेअरमधला व्हीएसटी २ चा आधार पुढच्या २४ महिन्यांत थांबेल. शिवाय अशाच दुसऱ्या पद्धती: ॲपलचं ऑडिओ युनिट्स, ॲव्हिडचं एएएक्स आणि २०२२ पासून क्लॅप. प्रत्येक दुरुस्ती यातल्या प्रत्येकाबरोबर, विंडोजवर आणि मॅकवर, वेगवेगळ्या ड्रायव्हरवर तपासावी लागते.

आणि सगळ्यात मोठं, ज्याबद्दल बाहेर कोणी बोलतच नाही, ते जुन्या प्रोजेक्टचं ओझं. दहा वर्षांपूर्वीचा प्रोजेक्ट आज उघडला पाहिजे, आणि नुसता उघडून भागत नाही, तो तेव्हा वाजायचा तसाच वाजला पाहिजे. समजा एखाद्या कंप्रेसरच्या (आवाजातला चढउतार कमी करणाऱ्या साधनाच्या) हिशेबात जुनी चूक सापडली. ती सरळ दुरुस्त केली तर ज्यांनी त्या चुकीच्या आवाजावर कान लावून मिक्स केलेत, त्या सगळ्यांचे मिक्स बदलतात. म्हणून आम्ही जुना हिशेब ठेवतो, नवा शेजारी लिहितो, आणि फाइल कोणत्या आवृत्तीची आहे ते पाहून त्यातला एक वापरतो. अशा जोड्या साचत जातात. मला हे काम मनापासून महत्त्वाचं वाटतं. एखाद्या बुवांचं रेकॉर्डिंग त्यांच्या पश्चात पुन्हा मिक्स करायला घेतलं आणि फाइल उघडलीच नाही, तर त्याची भरपाई कुठल्याही नव्या सिंथने होणार नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, की गाभ्यावर काम होतं, आणि पुष्कळ होतं. पण त्यातलं बहुतेक आहे ते टिकवण्याचं असतं. गाभ्यात नवं काही बसवायचं म्हटलं की गोष्ट वेगळी होते, आणि तुमचं दुखणं तिथे आहे.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण ॲव्हिडच्या प्रो टूल्स या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचं. जगभरच्या स्टुडिओंत तेच चालायचं, आणि तरी २०१३ मधल्या प्रो टूल्स ११ पर्यंत त्यात मिक्स बाहेर काढायचा तर तो पूर्ण वाजवावा लागायचा. तासाभराचा कार्यक्रम असेल तर तासभर बसून राहा. इतर सॉफ्टवेअरमध्ये हे काम काही मिनिटांत व्हायचं. लोक वर्षानुवर्षं मागत होते, आणि कंपनीला ते ठाऊक नव्हतं असं कोणी म्हणू शकणार नाही. अडचण इंजिनात होती. ११ व्या आवृत्तीत ६४-बिट नवं इंजिन आलं आणि त्याच्याबरोबरच ही सोय आली. पण त्याच दिवशी जुन्या पद्धतीचे प्लगिन चालायचे बंद झाले. ज्या प्लगिनचं एएएक्स रूप तयार नव्हतं, ते वापरणाऱ्यांनी काय करायचं? एका साध्या मागणीची खरी किंमत ही अशी असते, आणि ती मागणाऱ्याला दिसत नाही.

दुसरं उदाहरण तुमच्या रूपकाच्या जवळचं आहे. फ्रूटीलूप्स १९९७ मध्ये सुरू झालं तेव्हा ते चौकोनांच्या रांगेवर ठोके मांडायचं साधन होतं. पुढे त्याचं एफएल स्टुडिओ झालं, ट्रॅक आले, रेकॉर्डिंग आलं. पण एकाच गाण्यात मध्येच टाइम सिग्नेचर (एका आवर्तनात किती मात्रा हे) बदलायची सोय आली ती २०१८ च्या एफएल स्टुडिओ २० मध्ये. मॅकवर थेट चालणारी आवृत्तीही तेव्हाच आली. सुरुवातीला ज्या गोष्टी गृहीत धरल्या जातात, त्या पुढे सगळीकडे झिरपतात: ग्रिड, कॉपी-पेस्ट, लूप, क्लिक, फाइल. त्या बदलायच्या म्हणजे भाडेकरू आत राहत असताना घराच्या जोत्याचे दगड बदलण्यासारखं आहे.

'सिंथ कशाला करता, आधी हे दुरुस्त करा' असं जेव्हा लोक म्हणतात, तेव्हा त्यांचा समज असतो की माणसं इकडची तिकडे लावता येतात. तशी ती लागत नाहीत. सिंथचा फिल्टर लिहिणारा माणूस वेगळा, आणि प्रोजेक्टची स्थिती, अन्डू, सेव्ह हे सांभाळणारा माणूस वेगळा. दुसऱ्या प्रकारची माणसं प्रत्येक कंपनीत मोजकी असतात, कारण जुना कोड डोक्यात बसायलाच काही वर्षं लागतात. सिंथचं आणखी एक असं, की तो वेळेत तयार झाला नाही तर त्या आवृत्तीतून काढून पुढे ढकलता येतो. इंजिनातला बदल अर्धवट राहिला तर मागेही जाता येत नाही आणि पुढेही. त्यामुळे तारीख ठरलेली असली की प्रत्येक व्यवस्थापक सुटं काम आधी धरतो. मीही धरलंय, आणि त्या परिस्थितीत ते बरोबरच होतं असं मला आजही वाटतं.

आता पैशाकडे येतो, कारण सुटं काम किती आणि गाभ्याचं किती हे शेवटी तिथे ठरतं.

एबलटन लाइव्ह, क्युबेस यांची पद्धत जुनी आणि सरळ. मोठी आवृत्ती आली की अपग्रेडचे पैसे द्यायचे, मधल्या दुरुस्त्या फुकट. लाइव्ह ९ मार्च २०१३ मध्ये आलं, १० फेब्रुवारी २०१८ मध्ये, ११ फेब्रुवारी २०२१ मध्ये, १२ मार्च २०२४ मध्ये. या पद्धतीत मोठ्या आवृत्तीच्या दिवशी जुन्या गिऱ्हाइकाने खिशात हात घालावा असं काहीतरी ठळक लागतं. 'अन्डू आता अडकत नाही' यावर कोणी पैसे देत नाही, उलट विचारतो की ही तुमचीच चूक, तिचे पैसे कसले? म्हणून मोठ्या सोयी त्या दिवसासाठी राखून ठेवल्या जातात. अनेक टेक घेऊन त्यांतले चांगले तुकडे जोडायची सोय, म्हणजे कॉम्पिंग, लाइव्हमध्ये ११ व्या आवृत्तीत आली. बारा समान स्वरांपलीकडच्या सप्तकांची सोय १२ मध्ये आली. दोन्ही गाभ्याच्या गोष्टी आहेत. म्हणजे या पद्धतीत गाभ्यालाही जागा मिळते, पण जो गाभा दाखवता येतो त्याला आधी.

एफएल स्टुडिओची तऱ्हा उलटी आहे. एकदा घ्या, पुढच्या सगळ्या आवृत्त्या आयुष्यभर फुकट. जुन्या गिऱ्हाइकाला याहून चांगलं काय? पण कंपनीच्या बाजूने बघा. जुन्या माणसाकडून पुन्हा पैसे येत नाहीत. ते नव्या माणसाकडून येतात, किंवा जुन्याने जास्त सोयींची महाग श्रेणी किंवा वेगळे प्लगिन घेतले तर. २०२३ च्या अखेरीस त्यांनी एफएल क्लाउड नावाची वर्गणीची सेवा सुरू केली, त्याचं कारण इथेच आहे. अशा पद्धतीत नव्या माणसाचा पहिला तास फार मोलाचा असतो, म्हणून तयार आवाज, टेम्प्लेट, चटकन बीट बनवून देणाऱ्या गोष्टी पुढे येतात. आणि 'आयुष्यभर' म्हणजे कोणाचं आयुष्य हेही पाहावं. केकवॉक कंपनीने २०१६ मध्ये आपल्या सोनार प्लॅटिनम या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरसाठी आजीवन अपडेट देऊ केले होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिची मालक कंपनी गिब्सनने तिचं कामच थांबवलं. २०१८ मध्ये सिंगापूरच्या बँडलॅबने ते विकत घेऊन फुकट खुलं केलं, हे वापरणाऱ्यांचं नशीब.

रीपर हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर मला या सगळ्यात सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. विनॲम्प हा गाणी वाजवायचा प्रोग्राम लिहिणारे जस्टिन फ्रँकेल यांनी ते सुरू केलं आणि ते अगदी लहान चमू चालवतो. व्यक्तिगत वापरासाठी ६० डॉलर, मोठी व्यावसायिक कमाई असेल तर २२५. एकदा घेतलेलं लायसन्स दोन मोठ्या आवृत्त्यांपर्यंत चालतं, म्हणजे कित्येक वर्षं. बरोबर आवाजांची लायब्ररी नाही, झगमगाट नाही. दर थोड्या दिवसांनी अपडेट येतो आणि त्याच्या नोट्समध्ये ओळींमागून ओळी बारीक दुरुस्त्यांच्या असतात. हे जमतं कारण खर्चच कमी आहे. मोठी विक्री, मोठी जाहिरात, वर्षाअखेरचा आकडा, यांचा दबाव नाही. त्याची किंमत अशी, की नवख्या माणसाला ते कोरडं वाटतं, आणि सोयी इतक्या की हवी ती शोधतानाच दमायला होतं. पण जुन्या वापरकर्त्याची बारीक मागणी ऐकली जाण्याची शक्यता मला तरी तिथेच सर्वाधिक दिसते.

ॲपलच्या लॉजिकचं गणित या सगळ्यांहून निराळं. ॲपलने २००२ मध्ये लॉजिक बनवणारी एमॅजिक ही कंपनी घेतली आणि विंडोजची आवृत्ती बंद केली. २०१३ मध्ये लॉजिक प्रो एक्स १९९.९९ डॉलरला आलं, आणि २०२४ चं लॉजिक प्रो ११ सुद्धा त्याच जुन्या गिऱ्हाइकांना फुकट मिळालं. ॲपलला मॅक विकायचाय. ११ मधलं गाण्यातून आवाज वेगळे काढणारं साधन फक्त ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालतं, यात सगळं आलं. वापरणाऱ्याच्या दृष्टीने हा सौदा उत्तम आहे, पण कोणती सोय पुढे येईल हे कळायला संगीताकडे न बघता मशीनकडे बघावं लागतं.

वर्गणीबद्दल थोडक्यात. तत्त्वतः वर्गणीत ठळक सोयीची गरज उरत नाही, दर महिन्याला पैसे येत असले की निवांतपणे गाभा सुधारता यावा. प्रत्यक्षात ते कंपनीवर अवलंबून असतं, कारण सोडून जाता येत नाही अशा गिऱ्हाइकाकडे दुर्लक्ष करणंही तितकंच सोपं. लोकांना याची भीती वाटते ती खरी आहे. प्लगिन बनवणाऱ्या वेव्ह्ज कंपनीने मार्च २०२३ मध्ये कायमचं लायसन्स विकणं बंद करून फक्त वर्गणी ठेवायचं जाहीर केलं, तेव्हा इतका क्षोभ झाला की काही दिवसांतच त्यांना मागे यावं लागलं. मला स्वतःला बिटविग या सॉफ्टवेअरची मधली वाट पटते: घेतल्यापासून १२ महिन्यांत जे येईल ते मिळतं, नंतर हातात असलेली आवृत्ती कायम तुमची, पुढचं हवं असेल तेव्हा पुन्हा पैसे. यात सोय तयार झाली की लगेच देता येते, मोठ्या दिवसासाठी दाबून ठेवावी लागत नाही.

गाभ्याकडे फार काळ लक्ष देता आलं नाही तर काय होतं, हे नोटेशनच्या, म्हणजे स्वरलिपी लिहायच्या, सॉफ्टवेअरमध्ये दिसलं. फिनाले १९८८ मध्ये आलं. जगभरच्या प्रकाशकांचं, वाद्यवृंदांचं, संगीतशाळांचं काम त्यावर चालायचं. आपल्याकडे कोणी त्यात देवनागरीत गाण्याचे शब्द लिहायचा प्रयत्न केला असेल तर त्यांना आठवेल की २०१२ ची आवृत्ती येईपर्यंत युनिकोडच (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) नव्हतं. इतर प्रोग्राममध्ये ते कितीतरी आधी आलेलं होतं, पण अक्षरं साठवण्याची पद्धत मुळाशी असते आणि मुळाला हात लावणं महाग. २६ ऑगस्ट २०२४ ला फिनालेची कंपनी मेकम्युझिकने फिनाले बंद करत असल्याचं जाहीर केलं. कोडच्या लाखो ओळी झाल्या आहेत, जुन्या पायावर नवं काही देणं दिवसेंदिवस अवघड होत चाललंय, असं कारण त्यांनी दिलं. विक्री तिथेच थांबली आणि जुन्या गिऱ्हाइकांना स्टाइनबर्गचं डोरिको हे नोटेशनचंच सॉफ्टवेअर १४९ डॉलरला घ्यायची वाट दिली गेली.

हे वाचून कोणी म्हणेल, मग गाभा नव्याने लिहावा. डोरिको तसंच झालंय. २०१२ मध्ये ॲव्हिडने सिबेलियस या आपल्या नोटेशन सॉफ्टवेअरचं लंडनचं कार्यालय बंद केलं, तिथली अनुभवी मंडळी स्टाइनबर्गकडे गेली आणि त्यांनी कोऱ्या पाटीवर सुरुवात केली. पहिली आवृत्ती यायला ऑक्टोबर २०१६ उजाडलं, आणि तिच्यात कॉर्डची चिन्हंसुद्धा नव्हती. ती पुढच्या वर्षी आली. तेव्हा लोक खूप चिडले होते. पण त्यांनी आधी काळाचा आणि स्वरांच्या लांबीचा पाया घट्ट केला होता, आणि पुढच्या सोयी त्यावर भराभर बसत गेल्या. एवढा धीर धरायला मागे पैसा पुरवणारी मोठी कंपनी लागते. स्टाइनबर्ग २००५ पासून यामाहाच्या मालकीची आहे, म्हणून हे झालं. लहान कंपनी चार वर्षं विक्रीशिवाय जगत नाही.

इथपर्यंतचा धागा असा: बराच वेळ जुनं टिकवण्यात जातो, उरलेल्यात सुटं काम आधी होतं कारण ते पुढे ढकलता येतं, आणि गाभ्यातला बदल तेव्हाच होतो जेव्हा तो दाखवता येतो, किंवा तो न करणं अशक्य होतं, किंवा कोणाच्या तरी मागे थांबण्याइतका पैसा असतो.

तरीही मागण्या मोजल्या जातात, आणि त्या मोजण्यात एक खोट आहे ती तुमच्याशी थेट संबंधित आहे. वापर कसा होतो याची आकडेवारी सॉफ्टवेअर इंटरनेटवरून पाठवतं. पण गंभीर स्टुडिओतलं मशीन अनेकदा इंटरनेटला जोडलेलंच नसतं. सेशनच्या मध्ये अपडेट येऊ नये म्हणून लोक मुद्दाम ते तोडतात. परिणामी आकड्यांत नवे, हौशी, घरून बीट बनवणारे जास्त दिसतात आणि रोज आठ तास काम करणारा दिसतच नाही. आम्ही यावर उपाय म्हणून काही स्टुडिओंत जाऊन बसायचो, माणूस कुठे अडतो ते बघायचो. ज्या कंपन्या असं करत नाहीत, त्यांच्या आकड्यांत ख्यालाचं रेकॉर्डिंग करणारा माणूस जवळपास अस्तित्वातच नसतो.

आता तुमच्या तीन तक्रारी.

अन्डू अडकणं ही सर्वांत गंभीर, आणि सुटायलाही सर्वांत सोपी. आमच्याकडे क्रम असा असायचा: काम वाया जाणारा बग सर्वांत वर, मग क्रॅश, मग चुकीचा आवाज, मग बाकीचं. अडकणं पहिल्या दोनांच्या सीमेवर येतं. पण 'कधीकधी अडकतं' यावर कोणी काम करू शकत नाही. ज्या प्रोजेक्टमध्ये होतं त्याची प्रत काढा. एकेक प्लगिन काढत जा आणि प्रत्येक वेळी अन्डू करून बघा. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा दोष एखाद्या प्लगिनचा निघतो, जो आपली स्थिती साठवायला फार वेळ घेतो. तो सापडला तर पत्र त्या प्लगिनवाल्याला लिहा.

आलापानंतरच्या ग्रिडचं काम अवघड आहे. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये काळ दोन तऱ्हेने मोजतात, सेकंदांत आणि मात्रांत, आणि या दोहोंचा मेळ टेम्पो मॅपवर, म्हणजे गाण्यात लय कुठे किती आहे याच्या नोंदीवर, असतो. आलापात मात्राच नाहीत. विलंबितात लय हळूहळू चढते, आणि कलाकार ती कुठे चढवेल हे आधी ठरलेलं नसतं. माझा सल्ला, आलाप ग्रिडमध्ये बसवायच्या फंदातच पडू नका. आलापाचे ट्रॅक सेकंदांवर बांधा, म्हणजे टेम्पो बदलला तरी ते हलणार नाहीत. बंदिश सुरू होते तिथे एक खूण ठेवा, आणि मग तबल्याच्या ट्रॅकवरून फक्त समेसमेला (प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला) टेम्पो बांधा, प्रत्येक मात्रेला नको. मधलं सॉफ्टवेअर भरून काढेल. अर्ध्या दिवसाचं काम तासाभरावर येईल. यापेक्षा आपोआप व्हायला हवं असेल तर त्यासाठी सम ओळखता आली पाहिजे, आणि तेवढं काम मोठी कंपनी आपल्या बाजारासाठी लवकर हातात घेईल असं मला वाटत नाही.

रूपकाचा क्लिक मात्र मिळण्यासारखा आहे, आणि त्यासाठी भांडायलाच हवं. अडचण अशी की सॉफ्टवेअर ७ मात्रांत पहिलीला जोर देतं आणि उरलेल्या सहा सारख्या वाजवतं. रूपकात तर समेवरच खाली, म्हणजे जोर नसलेली मात्रा, असते. म्हणजे जिथे बायाँ (तबल्याच्या जोडीतला घुमणारा डग्गा) बंद, तिथेच क्लिक सगळ्यात जोरात. तीन-दोन-दोनचे विभाग ऐकूच येत नाहीत, गायकाचा गोंधळ होतो. ही गाभ्याची मागणी वाटते, पण तशी नाही. प्रत्येक मात्रेचा जोर आणि आवाज वेगळा ठेवता आला की झालं. टेम्पो मॅपला हात लागत नाही, फाइलमध्ये एक छोटी यादी वाढते. तोवर ७ मात्रांची एक मिडी क्लिप (कोणता ठोका कधी आणि किती जोरात वाजवायचा याची नोंद) करून, चौथ्या आणि सहाव्या मात्रेला जोर देऊन, तीच क्लिक म्हणून लूप करा.

पैसे भरावेत का? नव्या आवृत्तीची जाहिरात बघू नका. गेल्या वर्षभरात मधले जे फुकट अपडेट आले, त्यांच्या रिलीज नोट्स उघडा आणि तुम्ही रोज वापरता त्या भागांतल्या किती ओळी आहेत ते पाहा: रेकॉर्डिंग, एडिटिंग, टेम्पो, सेव्ह, अन्डू. त्या नियमित येत असतील तर कंपनी जिवंत आहे आणि तिला पैसे देणं योग्य. फक्त नवे आवाज आणि दुकानाच्या सुधारणा असतील तर थांबा. मग चाचणी आवृत्ती उतरवून तुमचा सर्वांत जड जुना प्रोजेक्ट तिच्यात उघडा, अर्थात प्रत काढून. उघडला, तसाच वाजला आणि अन्डू सुटलं, तर घ्या. नाही तर हातातली आवृत्ती आहे ती चांगली आहे, आणि नोव्हेंबरच्या सुमारास बहुतेक कंपन्या सवलत देतातच.

क्लिकसाठी पत्र लिहाल तेव्हा 'भारतीय तालांचा आधार द्या' असं लिहू नका. तसं लिहिलं की ते मोठं, अनोळखी काम वाटतं आणि यादीच्या तळाशी जातं. असं लिहा की ५, ७, १० मात्रांच्या संगीतात प्रत्येक मात्रेचा जोर वेगळा ठरवता यायला हवा. मग बल्गेरियन, तुर्की संगीतवाले आणि ७/८ मध्ये रॉक वाजवणारे, सगळे तुमच्या बाजूला येतात. सात मात्रांचा प्रोजेक्ट जोडा, आज तुम्ही मिडी क्लिप वापरून काय करता ते दोन ओळींत लिहा, आणि दर टेम्पो बदलाला ती क्लिप पुन्हा बसवायला किती वेळ जातो ते सांगा. ओळखीच्या स्टुडिओवाल्यांनाही लिहायला सांगा, पण तुमचं पत्र नकलून नको. प्रत्येकाने आपापल्या कामातलं उदाहरण द्यावं. एकाच मजकुराची पन्नास पत्रं आली की आम्ही ती एक म्हणून मोजतो.